व्याज टाळले, पण तपासणी का टाळली?

सुताच्या गोणीत अर्धा किलोची घट आली तर आपला यंत्रमागवाला भाऊ त्याच दिवशी व्यापाऱ्याच्या दारात उभा राहतो. फळबाजारातला बागवान आडत्याकडून हिशेबपट्टी घेतल्याशिवाय उठत नाही. चामड्याचा व्यापारी माल उलटसुलट करून पाहिल्याखेरीज भाव बोलत नाही. पण हीच हुशार माणसे आयुष्यभराची कमाई घालून पंधरा-वीस लाखांचे घर घेतात तेव्हा पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर दोन सह्या होतात, मिठाई वाटली जाते आणि घर आपले झाले असे समजले जाते. व्यापारात चोख असणारा आपला समाज घराच्या सौद्यात इतका भोळा का होतो, याचा विचार आता झाला पाहिजे.

आमच्या परिचयाचे एक बंधू फर्निचरचे काम करतात. नमाज-रोज्याचे पाबंद, व्यवहाराला स्वच्छ. त्यांनी दोन भावांकडून एक जुने घर अठरा लाखांना घेतले. भिशी उचलली, पत्नीचे दागिने मोडले, एका नातलगाकडून कर्ज-ए-हसना घेतले. बँकेच्या दारात मात्र गेले नाहीत. दोन्ही भावांनी सह्या केल्या, ताबा दिला. तीन वर्षांनी नोटीस आली. ते घर त्या भावांच्या मरहूम वडिलांचे होते आणि त्यांच्या मागे दोन मुलीही होत्या, विधवा आईही होती. त्यांनी सही केली नव्हती, त्यांना पैसाही मिळाला नव्हता. शेवटी जमातीच्या चार जाणत्यांनी सर्वांना बसवून तडजोड केली. बहिणींना आणि आईला वेगळी रक्कम द्यावी लागली आणि त्यासाठी या कारागिराला आपले रंधा मशीन विकावे लागले. भावांनी घेतलेला पैसा केव्हाच खर्च झाला होता.

यात बहिणींचे काय चुकले? काहीच नाही. शरीअतने दिलेला हिस्साच त्यांनी मागितला. चूक आपल्या बंधूची होती आणि ती एवढीच की, त्यांनी एक प्रश्न विचारला नाही: “वडिलांच्या मागे वारस किती?”

बँकेचा वकील जे काम करतो

बँकेचे कर्ज काढून घर घेणारा माणसाला व्याज भरतो, हे खरे. पण त्याच्या बाबतीत एक गोष्ट आपोआप घडते. कर्ज देण्याआधी बँकेचा वकील मिळकतीचे जुने दस्त काढतो, साधारण तीस वर्षांचा शोध घेतो, वारस पाहतो, बोजा पाहतो, बांधकामाची परवानगी पाहतो. कागदात खोट असेल तर बँक कर्ज नाकारते. हे सारे बँक आपला पैसा बुडू नये म्हणून करते. तरीही त्याचा फायदा घर घेणाऱ्याला होतोच.

आपल्यातील पुष्कळ लोक व्याजापासून दूर राहण्यासाठी बचत, भिशी, सोने आणि नातलगांची मदत यांवर घर घेतात. ही गोष्ट अभिमानाची आहे. परंतु बँक टाळताना आपण बँकेची तपासणीही टाळतो, हे आपल्या लक्षात येत नाही. तपासणी हराम नव्हती, व्याज हराम होते. जो बँकेशिवाय घर घेतो त्याने बँकेच्या वकिलाचे काम स्वतः वकील लावून करून घेतले पाहिजे. हाच या लेखाचा मुद्दा आहे. पुढे जे प्रश्न घेतले आहेत ते दुकानात बसल्या बसल्या आणि मस्जिदीच्या अंगणात नेहमी विचारले जाणारेच आहेत.

नोटरीचा कागद चालतो का?

मालकीसाठी चालत नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा आहे आणि नोंदणीचा कायदा १९०८ चा. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, असे हे कायदे सांगतात. नोटरी सही कोणी केली एवढे पाहतो. विकणारा खरा मालक आहे की नाही हे पाहणे त्याचे काम नाही. असा कागद पैसे परत मागताना पुरावा म्हणून कामी येऊ शकेल, पण त्याने घर नावावर होत नाही. साठेखत म्हणजेसुद्धा पुढे विकण्याचा करार. मालकी खरेदीखताने येते.

मुखत्यारपत्रावर घर ‘विकत’ घेण्याची पद्धतही आपल्या वस्त्यांत जुनी आहे. साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा तिहेरी कागद करून लोक निश्चिंत होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले की अशा कागदांनी मालकी जात नाही. ज्यांच्याकडे असे कागद आहेत आणि विकणारा हयात आहे, त्यांनी आजच त्याच्याकडून खरेदीखत नोंदवून घ्यावे. तो गेला की त्याच्या प्रत्येक वारसाच्या दारात जावे लागेल.

घरपट्टी, वीजबिल आणि सातबारा

घरपट्टी आणि वीजबिल नावावर झाले म्हणजे मालक झालो, हा गैरसमज घरोघर आहे. महापालिका कर वसूल करण्यासाठी नाव लावते, वीज कंपनी बिल वसूल करण्यासाठी. सातबारा आणि मिळकत पत्रिका या अधिक महत्त्वाच्या नोंदी आहेत. पण फेरफाराची नोंद हीसुद्धा मुळात महसुलासाठी असते आणि केवळ तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. हे कागद जरूर पाहावेत, पण त्यांच्या मागचा मूळ दस्त मागावा. झेरॉक्सवर भागवू नये. मूळ दस्त दाखवायला विकणारा टाळाटाळ करीत असेल तर तो कोठे तरी गहाण असण्याची शक्यता धरून चालावे. दुय्यम निबंधक कार्यालयात फी भरून सूची क्रमांक दोनच्या नोंदी पाहता येतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरही शोध घेता येतो. व्यवहारापूर्वी वकिलामार्फत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. तिला खर्च थोडा येतो आणि लपलेला हक्कदार पुढे येण्याची संधी मिळते.

सही किती जणांची हवी?

आपल्या समाजासाठी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. माणूस मरण पावला त्या क्षणी त्याची मिळकत त्याच्या सर्व वारसांची होते, ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे. थोरला मुलगा घरात राहतो, तोच कर भरतो, म्हणून तो एकटा मालक होत नाही. तो फक्त आपला हिस्सा विकू शकतो.

वर सांगितलेल्या घराचाच हिशेब पाहा. कर्ज, वसीयत आणि मयताचे आईवडील मागे नाहीत असे धरू. विधवेला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात वाटणी. मिळकतीचे ४८ भाग केले तर आईचे ६, प्रत्येक मुलाचे १४ आणि प्रत्येक मुलीचे ७. दोन्ही भाऊ मिळून झाले २८, म्हणजे बारापैकी सात हिस्से. अठरा लाखांच्या घरात भावांना साडेदहा लाखांचाच माल विकण्याचा अधिकार होता. साडेसात लाखांचा माल आईचा आणि बहिणींचा होता.

म्हणून वारसाहक्काने आलेले घर घेताना सर्व वारसांच्या सह्या खरेदीखतावर घ्याव्यात. बहीण हिस्सा सोडत असेल तर तिचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवे. “ती काही मागणार नाही” हे भावाचे तोंडी आश्वासन कामाचे नाही. आणि कायद्याच्या पलीकडचीही एक गोष्ट आहे. बहीण लाजेने, माहेर तुटेल या भीतीने गप्प बसते तेव्हा तिचा हक्क संपत नाही. तिचा हिस्सा दाबून विकलेले घर आपण जाणूनबुजून घेतले तर त्या घरात आपण कोणाच्या पैशावर राहतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. खरेदीदाराने “बहिणींच्या सह्या आणा, त्यांचा पैसा त्यांच्या खात्यात जाईल” असा आग्रह धरला तर घर सुरक्षित होईल आणि एखाद्या बहिणीला तिचा हक्कही मिळेल.

वारसांत अज्ञान मूल असेल तर अधिक सावध राहावे. अज्ञानाची स्थावर मिळकत विकण्याचा अधिकार आई, थोरला भाऊ किंवा चुलता यांना आपोआप मिळत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९१८ सालीच तसा निर्णय दिला आहे. अशा वेळी १८९० च्या पालक कायद्यानुसार न्यायालयाची परवानगी लागते. ती नसेल तर मूल मोठे झाल्यावर आपला हिस्सा मागू शकते.

काही वेळा विकणारा सांगतो की वालिदांनी घर मला हिबा केले. हिबा तोंडीही होऊ शकतो. देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि ताबा देणे या तीन गोष्टी मात्र व्हाव्या लागतात. असा हिबा नंतर कागदावर लिहिला तरी नोंदणीवाचून तो रद्द ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले आहे. पण खरेदीदाराने यावर विसंबू नये. ताबा खरोखर दिला होता की नाही, यावरूनच बहुतेक भांडणे होतात. हिबा दाखवला तरी बाकीच्या वारसांच्या संमतीची सही घ्यावी. हिबा खरा असेल तर सही द्यायला कोणाची हरकत नसते.

वक्फ, इनाम, गुंठा आणि पागडी

वक्फची मिळकत विकत घेता येत नाही. मुतवल्लीने सही केली तरी विक्री होत नाही. फार तर नियमानुसार भाडेपट्टा मिळतो. एकदा वक्फ झालेली मिळकत वक्फच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले आहे. दर्गा, मस्जिद, कब्रस्तान यांच्या आसपासची जागा घेताना, विशेषतः मराठवाड्यात, जुन्या इनामाच्या आणि खिदमतमाशच्या नोंदी तपासाव्यात आणि छत्रपती संभाजीनगर येथील वक्फ मंडळाकडे चौकशी करावी. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असेल तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार करू नये.

शहराच्या कडेला गुंठ्याने विकले जाणारे प्लॉट स्वस्त असतात आणि आपल्या कारागिरांच्या कित्येक वस्त्या अशाच उभ्या राहिल्या आहेत. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये आला आणि २०२१ मध्ये त्याची कालमर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली. प्लॉट नियमित झाला आहे काय, बिनशेतीचा आदेश आहे काय, हे कागदावर पाहावे. “होऊन जाईल” हे दलालाचे उत्तर उत्तर नव्हे.

मुंबईत डोंगरी, नागपाडा, भेंडीबाजार या भागांत पागडीची घरे आहेत. पागडीत आपण भाडेकरूचा हक्क घेतो, मालकी घेत नाही. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने पागडीच्या देवघेवीला मान्यता दिली आहे. पण घरमालकाची लेखी संमती आणि आपल्या नावाची भाडेपावती मिळाल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

बिल्डरला बयाणा किती द्यावा?

२०१६ च्या रेरा कायद्यानुसार करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर त्या प्रकल्पाला रेरा नोंदणी लागत नाही. आपल्या दाट वस्त्यांतील बऱ्याच इमारती अशाच लहान असतात. तेथे १९६३ चा जुना मोफा कायदा आहे आणि त्यात ही मर्यादा २० टक्क्यांची आहे. म्हणजे अर्धे पैसे मागून साध्या पावतीवर भागवणारा बिल्डर दोन्ही कायद्यांच्या बाहेर आहे.

नुसता रेरा क्रमांक पाहून थांबू नये. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. ज्यांनी तेथे घरे घेतली होती ती साधी माणसेच होती. म्हणून बांधकामाची परवानगी खरी आहे की नाही, हे महापालिकेत जाऊन विचारावे आणि तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागावे. हा केवळ कागदाचा सोपस्कार नव्हे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा भागात एक अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले.

पैसा कोणाचा आणि नाव कोणाचे?

दोन वाईट सवयींविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. पहिली, अर्धी रक्कम दस्तात आणि अर्धी हातात. १ जून २०१५ पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. पण नुकसान देणाऱ्याचेही आहे. सौदा मोडला तर न्यायालय कागदावरची रक्कम पाहते. हातात दिलेल्या आठ लाखांची साक्ष कोण देणार?

दुसरी सवय कोकणात अधिक दिसते. भाऊ आखातात राबतो, पैसे पाठवतो आणि गावी घर दुसऱ्या भावाच्या एकट्याच्या नावावर होते. बेनामी व्यवहाराचा कायदा १९८८ चा असून २०१६ मध्ये तो कडक झाला. उघड उत्पन्नातून पत्नीच्या किंवा मुलांच्या नावावर घर घेता येते. भाऊ, बहीण किंवा आईवडील यांच्या बाबतीत मात्र पैसे देणाऱ्याचे नावही सहमालक म्हणून दस्तात हवे. ते नसेल आणि नाव असलेला भाऊ उद्या वारला तर घर त्याच्या बायका-मुलांकडे जाईल. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला स्वतःच्या नावावर राहते घर घेता येते. शेतजमीन आणि फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. तेव्हा पैसा ज्याचा त्याचे नाव घालण्यात भावाने राग मानण्याचे कारण नाही.

खर्च परवडत नाही, हे खरे आहे

नोंदणी टाळण्याचे कारण विचारले तर बहुतेक जण खर्चाकडे बोट दाखवतात. तो खर्च थोडा नाही. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे. राज्यातील काही मोठ्या शहरांत ते ७ टक्क्यांपर्यंत जाते. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. मुंबईत चाळीस लाखांचे घर घेणाऱ्याला २ लाख ४० हजार शुल्क आणि वर ३० हजार फी भरावी लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या कारागिराला हे ओझे जड आहे आणि लहान घरांवरचे शुल्क सरकारने कमी करावे, असे आमचे मत आहे. गरिबाला नोटरीच्या कागदाकडे ढकलण्यात या शुल्काचाही वाटा आहे.

पण तोवर मार्ग काय? राहते घर स्त्रीच्या नावावर घेतले तर २०२१ पासून शुल्कात १ टक्का सवलत आहे. वरील उदाहरणात ४० हजार वाचतात. मात्र नाव दिले म्हणजे घर तिचे झाले, हेही मनात स्वच्छ असावे. सवलतीपुरते तिचे नाव आणि मालकी आपली, असा हिशेब इस्लामला मान्य नाही. बायकोची मिळकत बायकोची असते. बाकी, घर दोन लाखांनी लहान घ्यावे, सहा महिने उशिरा घ्यावे. पण दस्त नोंदवूनच घ्यावे. वकिलाची आणि शोधाची फी घराच्या किमतीपुढे किरकोळ असते.

लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे

“आपल्याच माणसाकडून काय लिहून घ्यायचे?” हे वाक्य आपल्याकडे मोठ्या अभिमानाने बोलले जाते. कुरआनातील सर्वांत मोठी आयत कशाबद्दल आहे, हे असे म्हणणाऱ्यांनी पाहावे. सूरह बकराची २८२ वी आयत देण्याघेण्याच्या लिखापढीबद्दल आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी तिची शिकवण आहे. हातोहात होणाऱ्या रोखीच्या सौद्याला न लिहिण्याची मुभा आहे, पण तेथेही खरेदीविक्रीला साक्षीदार घेण्यास सांगितले आहे. ही आज्ञा ईमानवाल्यांना उद्देशून आहे. म्हणजे ती आपसांतल्या, विश्वासाच्या माणसांच्या व्यवहारासाठीच आहे. नातलगाकडून घेतलेले कर्ज-ए-हसनाही तसेच लिहून ठेवावे.

आपल्या जमातींना आणि मस्जिद कमिट्यांना एक सूचना करावीशी वाटते. निकाहाच्या रजिस्टरची आपण काळजी घेतो, बैतुलमालचा हिशेब ठेवतो. त्याच जागी आठवड्यातून एक तास एखाद्या जाणकार वकिलाला बसवावे आणि घर घेणाऱ्याने बयाणा देण्यापूर्वी आपले कागद त्याला दाखवावेत. आपल्या समाजात वकील झालेली तरुण मुले-मुली आता पुष्कळ आहेत. भांडण झाल्यावर चार जाणत्यांनी तडजोडीला बसण्यापेक्षा सौद्याआधी एका जाणत्याने कागद वाचणे सोपे आहे. असे झाले असते तर आमच्या त्या कारागीर बंधूचे रंधा मशीन आज त्याच्या कारखान्यात असते.

व्याजाशिवाय घर घेणे आपल्या बंधूंनी करून दाखवले आहे. आता ते कागदाच्या भक्कम पायावर घेण्याची सवय लावावी. अल्लाह आपल्या हलाल कमाईत आणि आपल्या घरांत बरकत देवो.